रक्तातील शिल्लक

रक्तदान शिबिराच्या मांडवात शिरणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती एका छापील कागदाशी. छत्रपती संभाजीनगर हे नाव सरकारदप्तरी रुजू होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत आणि आमच्या पिढीच्या जिभेला औरंगाबादची सवय इतकी जडलेली आहे की रिक्षावाल्याशी बोलताना एक नाव आणि पाकिटावर पत्ता लिहिताना दुसरे, अशी आमची दुहेरी वहिवाट अद्याप चालू आहे. पण या शहरात शिवजयंतीपासून गणेशोत्सवापर्यंत जेथे जेथे रक्तदानाचा मांडव पडतो, मग तो घाटी रुग्णालयाच्या रक्तपेढीचा असो वा दत्ताजी भाले रक्तपेढीचा, तेथे तेथे विचारणा साधारण एकाच वळणाची असते. वय १८ च्या वर आणि ६५ च्या आत आहे काय, वजन ४५ किलोच्या खाली तर नाही ना, कावीळ केव्हा झाली, दात केव्हा काढला, अंगावर गोंदवून केव्हा घेतले, अशा चौकशांच्या रांगेत एक प्रश्न लशीचा असतो. धनुर्वाताची लस, जिला लहानथोर सर्वजण टीटी या दोन अक्षरांनीच ओळखतात, ती नुकतीच टोचून घेतली असेल तर दात्याने १४ दिवस थांबावे, आणि लशीऐवजी धनुर्वातावरील तयार सीरम घेतले असेल तर २८ दिवस थांबावे, असा शिरस्ता आहे.

कागद भरून घेणारा स्वयंसेवक या उत्तराकडे केवळ एक अडचण म्हणून पाहतो. मुदत उलटून गेली असली की त्याच्या दृष्टीने टीटीचा प्रश्न निकालात निघाला; तो खूण करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. परंतु टीटीची मुदत कागदावर संपली तरी रक्तात संपत नाही. त्या सुईने शरीरात जी संरक्षक द्रव्ये निर्माण केलेली असतात, ज्यांना वैद्यकाच्या पुस्तकांत प्रतिपिंडे आणि वर्तमानपत्रांत अँटीबॉडी म्हणतात, ती वर्षानुवर्षे रक्तात शिलकीसारखी पडून राहतात; आणि काही थोड्या माणसांच्या खाती ही शिल्लक इतकी भारी असते की तिच्यातून दुसऱ्या एखाद्या अनोळखी जखमी माणसाचा बचाव करता येतो. ती कोणाच्या खाती आहे हे खातेदाराला मात्र ठाऊक नसते. चेहऱ्यावरून, प्रकृतीवरून किंवा रक्तगटावरून तिचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

या विषयाशी माझा पहिला संबंध आला तो घोड्याच्या नालेमुळे. माझ्या लहानपणी स्टेशनापासून गुलमंडीपर्यंत टांगे धावत, आणि त्यांच्या वाटेवर लीद, गवताच्या काड्या आणि नालेतून निसटलेले खिळे यांची रेलचेल असे. असाच एक खिळा माझ्या अनवाणी टाचेत शिरला. आजीने हळद दाबली. वडिलांचा हळदीवर विश्वास होता, पण घोड्याच्या लिदीवर त्याहून अधिक अविश्वास होता, म्हणून त्यांनी मला उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लगेच औषध टोचले नाही. मनगटाच्या वर कातडीच्या आत त्यांनी एक थेंबभर द्रव सोडला, घड्याळ पाहिले, आणि तेथे लाल गांधी उठते की काय याची वाट पाहत बसवून ठेवले. "घोड्याच्या रक्ताचं औषध आहे, सोसतं की नाही ते बघू," असे ते म्हणाल्याचे मला पक्के आठवते, कारण पुढचा अर्धा तास मी आपल्याला आता शेपूट फुटेल काय या विवंचनेत काढला. घोड्यानेच केलेल्या घातावर घोड्यानेच उतारा द्यावा, यातील गंमत कळण्याचे माझे वय नव्हते.

धनुर्वात हे नाव ज्याने ठेवले त्याने रोगी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. पाठीचे स्नायू इतक्या जोराने आखडतात की टाच आणि डोके एवढेच अंथरुणाला टेकते आणि मधला देह प्रत्यंचा ओढलेल्या धनुष्यासारखा वर उचलला जातो. त्याआधी जबडा आवळतो. भित्र्या माणसाला आपण ज्या दातखिळीची उपमा देतो ती मुळात या रोगाची पहिली खूण. सुश्रुतसंहितेत अपतानक नावाने या अवस्थेचे वर्णन आले आहे, आणि गर्भपातानंतर, अतिरक्तस्रावानंतर किंवा आघातानंतर उद्भवणारा अपतानक असाध्य होय, असा स्वच्छ निर्वाळाही त्या ग्रंथकाराने दिलेला आहे. जखमेचा आणि या आकडीचा संबंध त्या काळी ध्यानात आला होता ही गोष्ट लहान नव्हे. जखमेतून नेमके काय आत जाते हे कळावयास मात्र एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

आत जाते ती माती, आणि मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जंतूचे बीजाणू. घोड्यागुरांच्या आतड्यांत हा जंतू बिनतक्रार नांदतो आणि शेणा-लिदीतून जमिनीत उतरतो. त्याला हवा सोसत नाही. प्रतिकूल काळात तो कवचाच्या आत झोपी जातो आणि या झोपेत पाणी उकळण्याइतकी उष्णताही पचवतो. खोल, अरुंद, मेलेल्या मांसाची आणि म्हणून प्राणवायूविरहित अशी जखम मिळाली की तो जागा होऊन विष तयार करू लागतो. हे विष मज्जातंतूंतून चढत पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचते आणि स्नायूंना 'आता सैल हो' असा हुकूम नेणारी जी यंत्रणा आहे तिचाच गळा दाबते. मग आवळण्याचे हुकूम तेवढे सुटत राहतात. माणसाला मारण्यास शरीराच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे अब्ज भाग कल्पून त्यांतील अडीच भाग, इतके हे विष पुरते. त्यातून एक चमत्कारिक परिणाम संभवतो: मारण्याला पुरेसे असलेले हे विष शरीराच्या संरक्षक यंत्रणेला धडा शिकवण्याइतके मात्र नसते. देवी किंवा गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला मात्र बरे झाल्यावर लस टोचून घ्यावीच लागते. निसर्गतः धनुर्वाताविरुद्ध समर्थ झालेला माणूस शोधू गेल्यास व्यवहारात सापडत नाही, आणि म्हणून ज्याच्या रक्तात ही शिल्लक आहे ती सुईनेच जमा केलेली आहे असे समजावे.

हा जंतू वेगळा काढून ओळखण्याचे श्रेय बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो या जपानी विद्वानाकडे जाते. त्यांनी १८८९ मध्ये इतर जंतूंना उष्णतेने मारून, हवा वगळून, धनुर्वाताचा जंतू निर्भेळ वाढवून दाखविला. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व एमिल फॉन बेहरिंग यांनी प्रसिद्ध केले की या विषाची मात्रा पचवलेल्या सशाच्या रक्तातील पेशीरहित द्रव, म्हणजेच सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचला तर त्यालाही विषापासून संरक्षण मिळते. रक्तातले संरक्षण एका देहातून काढून दुसऱ्या देहात भरता येते, ही कल्पना तेथे जन्मली. सशाच्या जागी पुढे घोडा आला, कारण घोडा मोठा, सोशिक आणि रक्ताने श्रीमंत.

घोड्याचा हा कारखाना महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा होती, जी १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. आणि याच प्रयोगशाळेवर धनुर्वाताने एक कृष्णछाया टाकली होती, ती हकीकत आज विसरली गेली आहे. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० तारखेस पंजाबातील मलकोवाल या गावी प्लेगची लस टोचण्यात आली. त्या दिवशी टोचलेल्यांपैकी ज्यांना एका विशिष्ट बाटलीतली लस मिळाली ते १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. बाटली मुंबईहून गेलेली, म्हणून दोष मुंबईचा, असा साधा हिशेब करून चौकशी आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. आयोगाच्या अध्यक्षस्थानी मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स होते. हाफकिन यांना अधिकारावरून दूर व्हावे लागले. वास्तविक त्या दिवशी बाटलीचे बूच काढणारा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट कागदपत्रांतच नमूद होती. आणि बाटली मुंबईतच नासली असती तर उघडताना तिला जी घाण सुटावयास हवी होती ती कोणाला जाणवलेली नव्हती. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा अन्याय चव्हाट्यावर आणला तेव्हा कोठे हाफकिन निर्दोष ठरले. मातीला टेकलेला एक चिमटा, आणि एकोणीस माणसे! जंतूची ताकद सांगणारा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही, आणि चौकशी आयोगांविषयी काय म्हणावे हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.

पुढे पुण्यात पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील वय झालेले घोडे परळकडे सीरमसाठी रवाना होत, आणि घोडे आपले असताना सीरमही आपणच का काढू नये या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तिच्या अगदी आरंभीच्या उत्पादनांत धनुर्वातावरील सीरम होते. जगभर लशी धाडणाऱ्या त्या संस्थेचे मूळ असे टाचेत खिळा शिरलेल्या माणसाच्या गरजेत आहे. मुंबईला ही गरज फार निकटची होती. १९६३ मध्ये धनुर्वातावरील आंतरराष्ट्रीय परिषद त्या शहरात भरली ती उगाच नव्हे. केईएम रुग्णालयातील डॉ. जे. सी. पटेल आणि त्यांचे सहकारी डॉ. मेहता यांनी पुढे जो निबंध प्रसिद्ध केला तो ८,६९७ रोग्यांच्या अभ्यासावर आधारलेला होता. इतके रोगी पाहावयास मिळणे हे वैद्याचे भाग्य म्हणावे की देशाचे दुर्भाग्य!

घोड्याच्या सीरमने असंख्य प्राण वाचवले, यात शंका नाही. पण ते परक्या जातीच्या प्राण्याचे रक्त होते, आणि मनुष्यदेह पाहुण्याला ओळखतो. कोणाला आठवड्याभराने ताप, सांधेदुखी आणि अंगभर गांध्या येत, तर क्वचित कोणी सुई निघता निघता कोसळत असे. माझ्या मनगटावरचा तो चाचणीचा थेंब याच भयापोटी होता. शिवाय देह या परक्या प्रथिनांना लवकर हाकलून देतो, म्हणून प्रतिबंधासाठी घोड्याचे सीरम १,५०० एकक द्यावे लागे. तेच काम माणसाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे २५० एककांत करतात आणि तीनचार आठवड्यांनीही त्यांतील निम्मी अंगात शिल्लक असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड येथे एडविन कोन यांनी थंड मद्यार्काच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने एकेक करून वेगळी काढण्याची जी रीत बसवली, तिच्यामुळे माणसाच्या रक्तातून केवळ प्रतिपिंडांचा अंश निवडून कुपीत भरणे शक्य झाले. लस घेतल्यावर शरीराला प्रतिपिंडे घडवण्यास दिवस लागतात; ज्याने आयुष्यात कधी लस घेतलेली नाही आणि ज्याची जखम शेणामातीने भरलेली आहे त्याला तितका अवकाश नसतो, म्हणून त्याच्या एका दंडावर लस आणि दुसऱ्यावर ही तयार प्रतिपिंडांची कुपी द्यावी, असा आजचा नियम आहे. लस म्हणजे देहाला दिलेले बियाणे. कुपी म्हणजे पीक हाती येईपर्यंत शेजाऱ्याकडून आणलेले धान्य.

आता प्रश्न येतो शेजाऱ्याच्या कणगीचा. वाचकांनी येथे थोडा हिशेब सोसावा. ३५० मिलिलिटर रक्ताच्या पिशवीतून तांबड्या पेशी वेगळ्या केल्या की जो पिवळसर द्रव उरतो, ज्याला रक्तपेढीत प्लाझ्मा म्हणतात, तो सुमारे १८० मिलिलिटर भरतो. सामान्य लसवंत माणसाच्या दर मिलिलिटर प्लाझ्म्यात धनुर्वातविरोधी प्रतिपिंडे ०.१ एकक इतकी असली तरी त्याचे स्वतःचे संरक्षण उत्तम चालते. परंतु अशा माणसाची सबंध पिशवी १८ एककांची, आणि २५० एककांची एक कुपी भरण्यास असे चौदा दाते लागतील, तेही शुद्धीकरणात कणभर नासधूस न झाली तर. याउलट ज्याच्या रक्तात दर मिलिलिटरला ५ एकके आहेत त्याची एकच पिशवी ९०० एककांची, म्हणजे कागदावर साडेतीन कुप्यांची होते. दोघांचे रक्त नळीत सारखेच दिसते. हजारो पिशव्या एका हौदात ओतून काढलेली सरासरी प्रतिपिंडे नेहमीच्या उपयोगाची असतील, पण धनुर्वाताची कुपी त्यांतून भरत नाही. तिच्यासाठी श्रीमंत पिशव्या आधीच बाजूला काढाव्या लागतात. दात्यांच्या रक्तातील धनुर्वाताच्या प्रतिपिंडांची चाळणी करावयाची ती एवढ्यासाठी.

या चाळणीचा स्वभाव रक्तपेढीतल्या इतर तपासण्यांपेक्षा अगदी वेगळा आहे. प्रत्येक पिशवीच्या ज्या पाच तपासण्या कायद्याने सक्तीच्या आहेत, त्या म्हणजे एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप, त्यांत तंत्रज्ञ दोष शोधत असतो, आणि तो सापडला की पिशवी नष्ट होते. येथे तो गुण शोधतो, आणि तो सापडला की पिशवी जपून ठेवायची असते. दोषाच्या शोधात एकही गुन्हेगार निसटता कामा नये म्हणून चाळणी बारीक ठेवतात. गुणाच्या शोधात एखादा श्रीमंत निसटला तर कोणाचे नुकसान होत नाही, म्हणून चाळणी जाडी चालते. एलायझा नावाच्या चाचणीत शहाण्णव खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या पाटीवर धनुर्वाताचे निर्विष केलेले विष आधी लेपून ठेवतात, त्यावर दात्याचे सीरम घालतात, मग रंग उमटवणारा द्रव. प्रतिपिंडे जितकी जास्त तितका रंग गडद. हे सीरम मुद्दाम शेकडो पट पातळ करून घातले तर सामान्य माणसाचा खळगा कोराच राहतो आणि केवळ ज्यांच्याकडे खरोखर भारी शिल्लक आहे त्यांचेच खळगे रंगतात. एलायझावर तज्ज्ञांचा एक जुना आक्षेप आहे, तो असा की अगदी खालच्या पातळीला ती विषाला प्रत्यक्ष निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा फुगवून सांगते, आणि खरी कसोटी उंदराच्या अंगी विष व सीरम एकत्र टोचूनच लागते. परंतु जेथे वरचा थरच उचलायचा आहे तेथे तळाच्या या चुकीने फारसे बिघडत नाही. तयार कुपीची शक्ती मात्र नेमकीच मोजावी लागते.

मोजल्यावाचून प्रतिपिंडे वाटण्यात काय धोका असतो, हे आपण नुकतेच अनुभवले आहे. प्लाझ्मा हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला तो २०२० च्या उन्हाळ्यात. करोनातून उठलेल्यांचा प्लाझ्मा आजारी माणसाला देण्यासाठी त्या वर्षीच्या जून महिन्यात महाराष्ट्र सरकारने प्लॅटिना नावाची मोठी मोहीम काढली, आणि नातेवाईक रात्री-अपरात्री दाता शोधत फोन फिरवू लागले. त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रोग्यांवर केलेल्या परीक्षेत या उपचाराने रोगाची वाढ किंवा मृत्यू टळत असल्याचे दिसले नाही. त्या परीक्षेत पिशवी देण्यापूर्वी तिच्यातली निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मोजलेली नव्हती. माणूस बरा झाला आहे, म्हणजे त्याचे रक्त औषधी आहे, असे गृहीत धरले गेले. आणि हे गृहीत केवळ करोनापुरते सदोष नव्हते; धनुर्वातातून वाचलेल्याच्या रक्तातही ही शिल्लक नसते, हे वर आलेच आहे. उपचाराचे अपयश मोजणीच्या अभावामुळेच आले असे मी म्हणणार नाही, कारणे अनेक असतील. पण न मोजलेल्या वस्तूला औषध म्हणणे मला तरी कठीण वाटते.

धनुर्वाताच्या बाबतीत श्रीमंत रक्त कोणाचे निघेल? आपल्याकडे टीटीविषयी एक लोकाचार रूढ झाला आहे, तो पुस्तकातल्या नियमाहून पुष्कळ सैल हाताचा आहे. पुस्तक म्हणते, बालपणाचे डोस पुरे झालेल्याने दर दहा वर्षांनी एक मात्रा घेतली की झाले. लोक मात्र पत्रा लागला, खिळा लागला, मोटारसायकल घसरली, की दर खेपेला कंपाउंडरपुढे दंड पुढे करतात. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातील कामगार, सुतार, लोहार, शेतकरी, कबड्डीपटू, यांच्या खाती अशा कित्येक सुया जमा असतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत टोचल्या जाणाऱ्या मात्रेमुळे महाविद्यालयीन शिबिरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांचे रक्तही ताजेतवाने असावे असा तर्क बांधता येतो. वय वाढते आणि सुया थांबतात तसतशी पातळी उतरते. स्त्रियांची गोष्ट निराळी. प्रत्येक गरोदरपणात ही लस देण्याच्या कार्यक्रमामुळे नवजात बालकांचा धनुर्वात, ज्याने १९८९ च्या सुमारास या देशात वर्षाला दीड ते दोन लाख अर्भके जात असल्याचा अंदाज होता, तो २०१५ मध्ये भारतातून उच्चाटित झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडून दिवा जागवण्यामागे, नेमक्या त्याच दिवसांत नाळेच्या जखमेवाटे येणाऱ्या या आकडीचे भय असावे, असे मला पुष्कळदा वाटते. हा माझा तर्क, प्रमाण नव्हे. पण गंमत अशी की ज्या आयांच्या अंगी या लशींची मोठी शिल्लक असण्याचा संभव, त्यांतल्याच अनेकींना हिमोग्लोबिन १२.५ भरत नाही म्हणून मांडवातून परत जावे लागते. शिल्लक आहे, पण खाते गोठलेले!

अमेरिकेत या कामासाठी ठरावीक दाते असतात. त्यांना मोबदला देऊन, लस टोचून त्यांची पातळी चढवतात आणि वारंवार त्यांचा प्लाझ्मा तेवढा काढून पेशी त्यांना परत देतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास मनाई आहे, आणि त्या मनाईने रक्त सुरक्षित झाले यात वाद नाही. म्हणून आपला मार्ग एकच असू शकतो: स्वेच्छेने आलेल्या दात्यांमध्येच आपोआप श्रीमंत असलेले शोधणे, आणि त्यांना विश्वासात घेऊन पुन्हा बोलावणे. रक्तपेढ्यांत तांबड्या पेशींची मागणी मोठी आणि प्लाझ्म्याची कमी, म्हणून प्लाझ्मा उरतो. तो औषधे काढणाऱ्या कारखान्यांना लिटरला १,६०० रुपये या सरकारने ठरवलेल्या दराने देण्याची तजवीज आहे. असे कारखाने महाराष्ट्रात आहेत, अंबरनाथच्या एका कंपनीची मानवी धनुर्वात-प्रतिपिंडांची कुपी औषधदुकानांत मिळते. दर मात्र लिटराला बांधलेला आहे, गुणाला नाही. ५ एककांचा प्लाझ्मा आणि ०.१ एककाचा प्लाझ्मा एकाच भावाने जात असेल तर रक्तपेढीने पाटी, रंगद्रव आणि तंत्रज्ञाचा वेळ खर्चून चाळणी का करावी, हा तिच्या कारकुनाचा प्रश्न मला रास्त वाटतो. आणि याचे उत्तर रक्तपेढीकडून नव्हे, दर ठरवणाऱ्या दप्तरातून यावयास हवे.

दात्याची संमती हा त्याहून नाजूक भाग. रक्त अनोळखी माणसाला चढावे म्हणून त्याने दिले. त्यातून कारखान्याने औषध काढून ते विकावे, याची त्याला कल्पना असते काय? चाळणीत ज्याचे नाव निघेल त्याला पत्र पाठवून सांगावे की तुमच्या रक्तात हा गुण सापडला आहे, तो याकामी येतो, त्याचे पुढे असे होते, आणि आपली इच्छा असल्यास पुन्हा यावे. जबरदस्ती नको, आणि पातळी चढवण्यासाठी जादा लस टोचण्याचा विचार आपल्या परिस्थितीत तर फारच जपून करावा. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट शोधला तेव्हापासून त्या दुर्मीळ गटाच्या माणसांची यादी ठेवणे आणि एका हाकेवर त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात रक्त द्यावयास नेणे हे महाराष्ट्राला सवयीचे झाले आहे. आपल्या रक्तात काही विशेष आहे हे कळल्यावर माणूस टाळाटाळ करीत नाही, उलट त्याला एक प्रकारचा हक्काचा अभिमान वाटतो, असे त्या यादीवरून दिसते.

मी वयाची पासष्टी ओलांडली आहे. यंदा एका महाविद्यालयाच्या व्हरांड्यात शिबिर होते तेथे नातवाबरोबर गेलो, तर माझा कागद तेथल्या स्वयंसेविका मुलीने हसून परत दिला आणि "आजोबा, तुम्ही चहा घ्या," म्हणाली. नातवाच्या कागदावर टीटीच्या रकान्यात उत्तर होते. दीड महिन्यापूर्वी जालना रस्त्यावर गाडी घसरून त्याचा गुडघा फुटला होता आणि त्याने सवयीप्रमाणे सुई घेतली होती. मुलीने बोटांवर दिवस मोजले, चौदाच्या पुढे गेले म्हणून खूण केली. पिशवी भरत आली तेव्हा परिचारिकेने नळीतून थोडे रक्त दोन लहान काचनळ्यांत उतरवून घेतले आणि त्यांवर पिशवीचाच क्रमांक चिकटवला. पाच तपासण्या झाल्यावरही सहावीला पुरेल इतके रक्त त्या नळ्यांत होते.